एकनळीसाठी टिकाऊ लेप

२८ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

रिता, आधी माफी मागतो. ही वही तू भाऊबिजेला माहेरी आलीस तेव्हा दिलीस. "रोज चार ओळी लिहा बाबूजी, डोक्याला बरं असते," म्हणालीस. आणि मी पहिलं पान आज उघडतो आहे. फार उशीर झाला. पण सातवी शिकलेल्या माणसाला लिहायला काही कारण लागतं, ते आज मिळालं. वाचायला मात्र मी म्हणेन तेव्हाच देईन. घरात कोणाला दाखवणार नाही. घरातल्यांचाच तर घोर आहे.

बंदूक अजून आली नाही.

मतदान झालं, निकाल लागला, मिरवणुकीचा गुलालही धुऊन गेला. निवडणूक लागली की परवानेवाल्यांनी बंदूक ठाण्यात जमा करायची आणि सगळं आटोपल्यावर परत आणायची, हे मी एकनळी घेतली तेव्हापासून करत आलो आहे. लोकसभेच्या वेळी जमा केली ती पावसाळ्यात परत आली, तेव्हा नळीवर तांबूस पुरळ उठलं होतं. म्हणून यंदा तुझा भाऊ राजकुमार म्हणाला, "बाबूजी, मी नागपूरच्या दुकानात जमा करतो. थे बी चालते." चालतं, हे खरं. मला पटलं.

आता मात्र एक गोष्ट खुपते. तो बंदूक घेऊन गेला दसऱ्याच्या आदल्या दिवशी. आचारसंहिता लागली दसऱ्यानंतर. हुकूम यायच्या आधीच याला घाई कसली? दसऱ्याला पूजेत विळे होते, फाळ होता, ट्रॅक्टरची किल्लीसुद्धा होती. बंदूक नव्हती.

आज विचारलं तर म्हणतो, "दुकानदार म्हणते, नळी लय गंजली. पक्का लेप देल्याशिवाय वापस नाही करत. कोन्ता लेप द्यायचा थे तुमीच ठरवा." मग फोनवरून वाचून दाखवलं. एक काळा-निळा, जुन्या पद्धतीचा. एक राखाडी, फॉस्फेटचा. एक क्रोमचा, चकचकीत. आणि एक सिरॅमिकचा, फवारून भट्टीत भाजतात तो. वर म्हणतो, "घाई नोका करू."

हा मुलगा चहा गार व्हायची वाट पाहत नाही, आणि मला म्हणतो घाई करू नका.

३० नोव्हेंबर, शनिवार

बंदूक शेवटची चालवली त्या दिवसाचं लिहून ठेवतो. उद्या कोणी भलतंच सांगू नये.

दसऱ्याच्या आधीची गोष्ट. दिवस बुडाला होता, पण पुरता अंधार नव्हता. आमचं हलकं धान पिकत आलं होतं. आमच्या आणि डोमाच्या भाताच्या बांधीमध्ये जो मातीच्या बांधाचा धुरा आहे तिथे धान हललं. मी हाळी दिली. दिली असेलच, मी नेहमी देतो. मग काळी वाकलेली पाठ दिसली. बार टाकला. छर्रा बारीकच होता. ते ओरडलं, पडलं, आणि धान तुडवत डोमाच्या बाजूला गेलं. जखमी डुक्कर माणसासारखंच ओरडतं, असं जुने लोक सांगत. तसंच ओरडलं. जखमी डुकराच्या मागे एकट्यानं जाऊ नये म्हणून मी घरी आलो.

राजकुमार बॅटरी घेऊन पाहायला गेला. बऱ्याच वेळानं आला. म्हणाला, काही सापडलं नाही. सदऱ्याला रक्त होतं. विचारलं तर म्हणे रक्ताचा माग लागला होता, त्यात हात भरला. हात भरला तर सदरा कसा भरतो?

योगायोग पाहा, त्याच संध्याकाळी डोमा कुंपणाच्या झटका मशीनच्या तारेवर पडला आणि त्याचा पाय कामातून गेला. डोमा आमचा शेजारी, माझ्याच वयाचा, रानात एक धुरा आणि गावात एक गल्ली मध्ये. त्याला तुमसरला न नेता नदी ओलांडून मध्य प्रदेशात बालाघाटला नेलं, तेही आमच्या गाडीतून. तुमसरला डॉक्टर मेले होते का? यात मला विनोदचं डोकं दिसतं. विनोद त्याचा मुलगा, आंधळगावच्या शाळेत मास्तर आहे. मास्तर लोक सरळ रस्त्यानं जात नाहीत.

३ डिसेंबर, मंगळवार

राजकुमारनं नागपुरातून पत्र्याचे चार तुकडे आणले. दुकानदारानं नमुने दिले म्हणे, प्रत्येकावर वेगळा लेप. "पारखून घ्या बाबूजी. चांगलं महिनाभर पारखा."

ठीक आहे. पारखायचं तर मी पारखतो. बंदुकीचे शत्रू तीन: चिखल, घाम आणि माणसाचा आळस. आळसाची परीक्षा घेता येत नाही. उरलेल्या दोनांची घेतो. तुकडे ओळखू यावेत म्हणून वेगवेगळे दोरे बांधले. सोबत पाचवा तुकडा माझा, जुन्या विळ्याच्या पात्याचा, त्याला मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल घोटून लावलं. आमच्याकडे पूर्वी लोखंडाला हेच लावत. पाचही तुकडे आधी बोडीच्या, आपल्या लहान तळ्याच्या, काठच्या गाळात दाबले.

घामासाठी मीठ हवं. साधनाला मिठाचं पाणी मागितलं, ती म्हणाली, देते. सून आहे, देते म्हणाली की संध्याकाळ होते. मग मला लोणच्याची बरणी आठवली. आंब्याचा खार, मीठही आणि आंबटही. माणसाच्या घामापेक्षा कडक. तुकडे गाळातून काढून, धुऊन त्यात सोडले.

तुझ्या आईला, शकुनला, जेवताना बरणीत दोरे दिसले.

"हे काय होय?"

"परीक्षा."

"लोणच्याची?"

"लेपाची."

"मांडवातल्या नवरदेवालेबी कोणी इतकं पारखत नाही जी! लोणचं नासवलं न माह्यं! आता बंदुकीलेच लावा तोंडी, पोळीसंगं!"

राजकुमार हसला. नाही हसला असं नाही. पण लगेच उठून गेला, आणि जाताना डबा घेऊन गेला. हा डबा रोज डोमाकडे जातो. त्याच्या घरी चूल नाही का?

७ डिसेंबर, शनिवार

काल डोमाकडे गेलो होतो. दर सहा डिसेंबरला तो सकाळीच पांढरा सदरा घालून विहारात जातो. यंदा अंगणातच खाटेवर बसला होता, मेणबत्ती खुर्चीवर लावून. पायावर चादर.

मी पिशवीतून चप्पल काढली. उजव्या पायाची, अंगठा तारेनं शिवलेला. धान कापताना आमच्या बाजूला, धुऱ्याच्या खाली, चिखलात रुतलेली सापडली होती. इतके दिवस मी ती गोठ्यात पुरावा म्हणून ठेवली होती. पुरावा असा, की डोमाचं धान भारी जातीचं, उशिरा पिकणारं, त्याला तेव्हा पाणी हवं होतं. माझ्या बांधीत पाणी होतं. म्हणजे हा माझा धुरा फोडायला आला होता.

"हे ओळखतो का गा?" मी विचारलं.

डोमानं चप्पल हातात घेतली. उलटी करून पाहिली. "माहीच होय."

"माह्या बांधीत काय करत होती?"

"पाणी उतरवाले आलो होतो."

"चोरून?"

"चोरून कायले? तूच तं म्हणला होता न भैय्याजी. दुपारी पारावर म्हणला, माहं धान पिकलं, मले पाणी नोको, सांजच्यानं येऊन धुरा खोल न उतरवून घे."

मी असं म्हणालो होतो? वरच्या बांधीचं पाणी खालच्याला द्यायची आमच्याकडे रीत आहे, ते बरोबर. दरवर्षी देतो, तेही बरोबर. पण यंदा म्हणाल्याचं मला आठवत नाही. म्हाताऱ्याच्या आठवणीचा लोक फायदा घेतात.

"कोन्त्या दिवशी?" मी विचारलं.

डोमा मेणबत्तीकडे पाहत राहिला. तेवढ्यात त्याची बायको, सुमनबाई, घरातून आली. तिनं त्याच्या हातातली चप्पल ओढून घेतली आणि कोपऱ्यात भिरकावली.

"एका पायाची चप्पल घेऊन आले! दुसरा पाय बी घेऊन या म्हणा!"

"सुमन," डोमा म्हणाला.

"काय सुमन? तुमी बसा बुद्धासारखे. मले नाही जमत." आणि आत गेली. चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

पाणीचोरी उघडी पडली म्हणून राग. मी तर पाण्याचं माफच केलं होतं.

१२ डिसेंबर, गुरुवार

आमच्या कापलेल्या धानाचे पुंजणे खळ्यात तसेच उभे आहेत आणि राजकुमारनं डोमाचं धान आधी चुरलं, मळून दिलं. आपला ट्रॅक्टर, आपली माणसं. वर पोती त्यांच्या घरात नेऊन रचून दिली. मी म्हटलं, "आपलं कधी?" तर म्हणे, "होऊन राहिलं न बाबूजी."

आज त्याचा अर्थ कळला. गोठ्यामागे विनोद आणि राजकुमार बोलत होते. मी कुडाच्या अलीकडे होतो.

विनोद म्हणाला, "मी माह्या बाबाचं आयकून चूप आहो, थे ध्यानात ठेव. पण थे लोखंड गावात वापस दिसलं तं मी कोणाचं आयकत नाही. सरळ ठाण्यात जाईन."

"नाही येत वापस. शब्द देला न तुले."

"मंग त्याइले सांगून काहून नाही टाकत?"

"कसा सांगू? समजलं तं बाबूजी जीव ठेवणार नाहीत रे. मायबी हेच म्हणते."

विनोदनं मोटारसायकलचं स्टँड खटकन काढलं. मग म्हणाला, "माह्या बाबाच्या जिवाचं कोणी पाह्यलं होतं?" आणि मोटारसायकल सुरू करून निघून गेला.

मी तिथेच बसलो. समजलं तर मी जीव ठेवणार नाही, अशी गोष्ट एकच असू शकते. जमीन. राजकुमारनं धुऱ्याजवळची बांधी विनोदला लिहून दिली आहे. त्याला माहीत आहे की मी हातात बंदूक असेपर्यंत कोणाला मोजणी करू देणार नाही. म्हणून बंदूक नागपुरात आणि म्हणून फुकट चुरणी.

आता लेपाचं सगळं नाटकही कळलं. पण नाटक असलं तरी परीक्षा मी सोडणार नाही. ती माझी आहे.

१६ डिसेंबर, सोमवार

पोलीस पाटलाकडे गेलो. परसराम माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, त्याचा बाप माझ्यासोबत शाळेत होता. मी म्हटलं, आचारसंहिता संपली, परवानेवाल्याला बंदूक मिळाली पाहिजे की नाही?

"मिळाली पाह्यजे न काका."

"मंग माही काहून नाही मिळत?"

"थे लेपाचं चालू आहे न तुमचं? राजकुमार सांगत होता."

म्हणजे गावभर झालं आहे.

"परसराम, खरं सांग. राजकुमार न विनोद मागच्या हप्त्यात भंडाऱ्याले गेले होते. संगं माह्या परवान्याचं बुक होतं. कायले?"

तो सुपारी कातरत होता, थांबला. "नव्याचं काही असन. रिन्यू-फिन्यू." मग हसायला लागला, पण डोळे हसत नव्हते. "अजी काका, बंदूक होय का बायको होय? दोन महिने माहेरी राहिली तं इतके कायले तडफडून राहिले? उलट तुमी तं डोळ्याचं पाहा. साधनावहिनीनं शिबिरात नाव देलं न तुमचं?"

दिलं आहे. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत. मी जात नाही. डोळ्याला पट्टी बांधून हे मला आठ दिवस आडवं पाडणार आणि तेवढ्यात मोजणी उरकणार. मला सगळं नीट दिसतं. संध्याकाळी जरा कडा पुसट होतात, त्या कोणाच्याही होतात.

निघताना परसराम म्हणाला, "काका, डोमाकाकाकडं जात जा. पण चप्पल-गिप्पल नेत नोका जाऊ."

तेही गावभर झालं आहे.

२० डिसेंबर, शुक्रवार

परीक्षेचा निकाल.

काळा-निळा लेप पाहायला सगळ्यात देखणा, पण खारात दोन-चार दिवसांतच तपकिरी झाला. याला रोज तेल हवं. ज्याच्या घरात पुसणारा माणूस आहे त्यानं घ्यावा. राखाडी लेप तेल पिऊन धरतो, त्यामुळे गाळात टिकला. तेल सुकलं की गेला. क्रोमला काहीच होत नव्हतं, म्हणून मी त्याच्या कडेवर विळ्यानं एक ओरखडा काढला. तिथून पापुद्रा सुटला. शिवाय तो इतका चमकतो की डुक्कर गोंदियाहून पाहील. सिरॅमिकवर तोच ओरखडा काढला, नुसती रेघ उमटली. पुन्हा खारात टाकला, तरी तसाच.

माझ्या टोळीच्या तेलाचा तुकडा उंदरांनी नेला.

म्हणजे ठरलं, सिरॅमिक. पण मला एकच धास्ती आहे. लेप नळीवरच्या नंबरावर चढला आणि नंबर बुजला, तर परवान्यातला नंबर आणि बंदुकीतला नंबर कसा जुळवणार? न जुळणारी बंदूक म्हणजे चोरीची बंदूक. राजकुमार नेमकं तेच करील. मग मी कुठे दाद मागू? नंबराची जागा झाकून लेप द्या, हे समोर उभं राहून सांगायला हवं.

निकाल राजकुमारला सांगितला. त्याचा चेहरा उतरला. "इतक्या लवकर? अजून पंधरा दिस ठेवा न बाबूजी, उन्हाची बी परीक्षा घ्या."

उन्हाची! पूस महिन्यात!

२३ डिसेंबर, सोमवार

कोणाला न सांगता सकाळच्या एसटीनं नागपूरला गेलो. तुझ्याकडे आलो नाही रिता, रागावू नको. तू लगेच राजकुमारला फोन लावला असतास.

दुकानदारानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मी भैय्याजी, सिहोऱ्याकडचा, असं सांगताच तो उठून उभा राहिला. मी काही इतका मोठा माणूस नाही. मला तिथेच शंका आली.

"बंदूक दाखवा," म्हटलं.

त्यानं आतून आणून दिली. नळीवर बोट फिरवलं. गुळगुळीत. गंजाचा कण नाही, वर पातळ तेलाचा हात.

"गंज तं गेला!"

"तो केव्हाचाच गेला काका," तो बोलून गेला, आणि मग, "म्हणजे लेपाच्या आधी काढावाच लागते न."

मी सिरॅमिक सांगितला, नंबराचं सांगितलं. तो ऐकत होता. म्हणाला, "नंबर किती?" मी पाठ म्हणून दाखवला. "पाठ नको काका, वाचून सांगा." मी नळी उजेडाकडे केली. अक्षरं बारीक, घासलेली. दुकानात ट्यूब लावलेली नव्हती. हे लोक माल खराब दिसू नये म्हणून अंधार ठेवतात.

मग त्यानं समोर बोट दाखवलं. "तिथं पानठेल्याजवळ कोण उभं आहे?"

"बाई आहे. डोक्यावर पदर आहे."

त्यानं बोट खाली घेतलं. तेवढ्यात ती बाई रस्ता ओलांडून दुकानात आली आणि तिनं दोन चहा टेबलावर ठेवले. दुकानातला माणूस होता, डोक्यावरून टॉवेल घेतलेला, मिशीवाला. थंडीत असे टॉवेल गुंडाळल्यावर कोणाचीही चूक होईल.

"काका," दुकानदार म्हणाला, "लेप मी असा देईन का बंदूक तुमच्या नातवाच्या नातवापर्यंत टिकन. पण बंदूक टिकून काय करते? चालवणाऱ्याचा डोळा टिकला पाह्यजे."

"डोळ्याचं मी पाहून घेईन. तुम्ही बंदुकीचं पाहा."

"परवान्याचं बुक आणा, आजच्या आज नेऊ द्या म्हणाल तं देतो. बुकाशिवाय मला दुकानाबाहेर देता येत नाही."

बुक राजकुमारकडे. राजकुमार म्हणतो भंडाऱ्याला. सगळीकडून कडी लावून ठेवली आहे.

२४ डिसेंबर, मंगळवार

सकाळी न्याहारीला सगळे होते. मी विचारलं, "बुक कोठी आहे?"

राजकुमारचा घास हातात राहिला. "तुमी नागपूरले गेले होते."

"गेलो होतो. गंज कधीचा गेला आहे. लेपाचं काही अडलं नाही. तुमचंच काही अडलं आहे. बांधी विकली का विनोदले?"

"बांधी?" तो माझ्याकडे असा पाहायला लागला जसा मी परभाषेत बोललो. "कोन्ती बांधी? बाबूजी, कोणी काही विकलं नाही. आयका. त्या सांजच्यानं थे डुक्कर..."

"राजकुमार!" शकुन ओरडली. इतकी की साधनाच्या हातून वाटी पडली. "चूप राह्य. गिळ आधी."

"काय डुक्कर?" मी म्हटलं.

साधना खाली वाकून वाटी उचलायला लागली. शकुन माझ्याजवळ येऊन बसली. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत ती कधी अशी जवळ बसलेली नाही. म्हणाली, "डोळे करून घ्या जी. माह्यासाठी करून घ्या. मंग जे पाह्याचं थे पाहा."

म्हणजे हीसुद्धा त्यांच्यात आहे.

२९ डिसेंबर, रविवार

डोमाकडे गेलो, रिकाम्या हातानं. खाट उन्हात होती. सुमनबाई मला पाहून सूप उचलून आत गेली.

डोमा म्हणाला, "ये गा भैय्याजी. बस."

त्याला सगळं सांगितलं: बांधी, बुक, नागपूर. दुसऱ्या कोणाला सांगणार? त्याच्याच मुलावर संशय आहे हेही त्याच्याच तोंडावर सांगितलं. तो हसला. "विनोदले बांधी नोको गा. त्याले मास्तरकीच झेपत नाही."

मग ऊन सरकलं म्हणून त्यानं पाय सरकवला आणि चादर घसरली. गुडघ्याच्या खाली पाय वाळलेल्या फांदीसारखा झाला आहे. त्यावर काळे गोल डाग होते, वाटाण्यापेक्षा बारीक, पोटरीपासून मांडीपर्यंत पसरलेले. काही जागी टाके.

झटक्याच्या तारेनं असे डाग पडत असतील. मी तारेवर कधी पडलो नाही, मला काय माहीत. मी दुसरीकडे पाहिलं. कुंपणावर मुनग्याचा, शेवग्याचा, पाला वाळत घातला होता... पाला नव्हे, सुमनबाईचं लुगडं की काय होतं, हिरवं. डोमानं चादर वर ओढली.

एक विचार डोक्यात आला होता. लिहीत नाही. विचार काय, कसलेही येतात. डोमाला काही झालं असतं तर डोमानं मला सांगितलं असतं. तो माझ्याशी खोटं बोलत नाही.

"पाय किती दिवसांत चालता होईल?" मी विचारलं.

"पाहू."

"डॉक्टर काय म्हणते?"

"डॉक्टर म्हणते काठी घे." त्यानं चादर मांडीखाली खोचली. मग म्हणाला, "बंदूक आली का?"

"नाही."

"मंग घाई नोको करू. चांगला पक्का लेप लाव. दोन साल लागले तं लागू दे. पक्कं काम सावकाशच होते."

इतक्या लोकांत एक तरी लेपाबद्दल शहाणपणाचं बोलला. आतून सुमनबाईच्या सुपाचा आवाज थांबला होता. पुन्हा सुरू झाला तेव्हा फार जोरात होता.

५ जानेवारी २०२५, रविवार

रिता, या वहीतून ही पानं फाडून उद्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरजवळ तुझ्या नावानं देतो आहे. राजकुमारच्या हाती देत नाही. वही वाचायला देणार नाही म्हणालो होतो, पण आता दुसरा इलाज नाही. आधीचं सगळं वाच, म्हणजे तुला कळेल कोण कसं वागतं आहे. तू शिकलेली आहेस, मला जे जुळत नाही ते तुला जुळेल.

उन्हाळी धानाचे पऱ्हे, रोपांचे वाफे, टाकले आहेत. आमचेही आणि डोमाचेही. डोमाचे राजकुमारनंच टाकून दिले, आणि मी आता त्याला का म्हणून विचारणं सोडलं आहे. परवा डुकरांनी दोन्ही पऱ्हे उकरले. आमचा एक कोपरा गेला, डोमाचा अर्धा. विनोद शाळेत असतो. सुमनबाई डबडं वाजवून वाजवून थकते. डोमाला काठी घेऊनही अंगणाच्या बाहेर येता येत नाही. डॉक्टरनं काल सांगितलं म्हणे, हा पाय आता चिखलात उभा राहणार नाही, यंदा नाही आणि पुढेही नाही. साधना हे सांगताना रडली. सुनेला शेजाऱ्यासाठी इतकं रडू येतं, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

मग मी ठरवलं. डोमाकडे जाऊन सांगितलं, "तू फिकर नोको करू गा. बंदूक येऊ दे. मी तुही बांधी बी राखतो. रोज सांजच्यानं तुह्याच धुऱ्यावर बसत जाईन. काही हाललं का बार."

वाटलं होतं त्याला बरं वाटेल. तो माझ्याकडे बघत राहिला आणि त्यानं माझा हात धरला. घट्ट धरला, बराच वेळ सोडला नाही. सुमनबाई दारात उभी होती, तिनं पदर तोंडात कोंबला. विनोद घरी होता, तो मागच्या दारानं निघून गेला. उपकाराची लाज वाटते काही लोकांना. शेजाऱ्यानं शेजाऱ्यासाठी एवढं केलं तर त्यात उपकार कसला?

म्हणून आता उशीर नको. तू नागपुरातच आहेस. दुकान तुला माहीत आहे, राजकुमारसोबत एकदा गेली होतीस. दुकानदाराला माझ्यातर्फे सांग: सिरॅमिकचाच लेप, काळा, चमक नको, नंबराची जागा झाकून. आणि बुकाशिवाय बंदूक द्यायला काय करावं लागतं ते नीट विचार. कोणाची सही लागत असेल तर मी येऊन करतो. डोळ्यांचं पुन्हा काढलं तर म्हणावं बाबूजींना चांगलं दिसतं.

डोमाचे पऱ्हे पुन्हा टाकले आहेत. डुकरं रोज येतात आणि मी रोज संध्याकाळी रिकाम्या हातानं धुऱ्यावर बसतो. दुकानदार काय म्हणतो ते लवकर कळव, बेटा. आजच जाऊन ये आणि लवकर कळव.